खिडकीतला शेवटचा शॉट

ऐक ना. आधी नीट ऐक, मग काय तोंड वाजवायचंय ते वाजव.

तर बाई खिडकीत बसल्यात. आईच्या भूमिकेत. ज्या बाईंनी उभा जन्म कॅमेऱ्यामागे खुर्ची टाकून मालिका काढल्या, त्या आज पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर! आणि त्यांच्या खुर्चीत कोण? आमची ताई. पूर्वी बाईंची असिस्टंट, आता डायरेक्टर. तिचा पहिला सिनेमा.

शेवटच्या दिवसाचा शेवटचा शॉट. घर उद्या मालकाला परत द्यायचंय. आणि ज्या तिरप्या उन्हासाठी हेच घर हवं म्हणून ताई अडून बसली होती, ते ऊन भिंतीवरून घसरत चाललंय. एक टेक मिळणार, फार तर दीड.

शॉट अगदी साधा. आई रस्त्याकडे बघत बसते. मुलगी येत नाही. आई उठते, खिडकी लावते. सिनेमा संपला. पण त्या 'येत नाही'वरून ताई सगळ्यांशी भांडली होती. सगळ्यात जास्त छत्रीशी. छत्री म्हणजे प्रोड्यूसर. ह्या दोघी एकदमच बाईंच्या हाताखाली लागल्या होत्या. एकीने उन्हातान्हात कॅमेऱ्यावर छत्री धरायची, दुसरीने, म्हणजे ताईने, बाईंचा चष्मा सांभाळायचा. आता छत्रीवालीची स्वतःची कंपनी आहे, पण युनिटला ती छत्रीच.

"अगं, येऊ दे की त्या पोरीला! लोकांना रडवूनच घरी धाडायचंय का?" छत्री म्हणायची.

"ती आली तर मग सिनेमा कशाला काढायचा?" ताई म्हणायची.

युनिट सगळं बाईंच्या जमान्यातलं, ताईने शोधशोधून गोळा केलेलं. सकाळपासून जुन्या गोष्टींना नुसता ऊत आलेला. बाई पहिल्यांदा सेटवर डायरेक्टर म्हणून गेल्या, तेव्हा कोणीतरी विचारलं होतं, "मेकअपवाली का?" बाई म्हणाल्या, "हो, बसा. पण तुमच्या तोंडाला पुरेल एवढी पावडर आणली नाही." हे लाइटदादांनी आवाज काढून, मान वेळावून करून दाखवलं, आणि बाई इतक्या हसल्या की मेकअपमावशीला त्यांचं तोंड पुन्हा रंगवावं लागलं. नवी काय ती एकटी कॅमेरावाली, चिमणी. एवढीशी आहे, स्टुलावर चढून कॅमेऱ्याला डोळा लावते.

सिनेमातल्या आईला चष्मा नको होता. म्हणून बाईंचा चष्मा ताईच्या हातात. त्यांनी कधी दिला, हिने कधी घेतला, दोघींनाही पत्ता नाही.

"ॲक्शन," ताई म्हणाली.

काय केलंय गं बाईंनी! म्हणजे काही केलंच नाही. नुसतं बघितलं. रस्ता, पुढचं वळण, परत रस्ता. मावशीने नाक ओढलं. आता फक्त उठायचं आणि खिडकी लावायची, एवढंच उरलं होतं. तर बाई म्हणाल्या,

"कऽऽट!"

आईच म्हणाली! फ्रेममधली आई! शॉट मनासारखा झाला की बाईंच्या तोंडून कट असाच निघायचा, शेपटी लांबवून. आणि झालं ना! दादांनी हातमोजे काढले, मावशीने आरसा उचलला, मागे कोणीतरी पंखासुद्धा लावला. कोणी विचार केलाच नाही. हात आपले आपणच चालले.

बाईंनी मान न वळवता तळहात पुढे केला.

आणि ताई धावली. डायरेक्टर! खुर्चीतून उठून, वायर ओलांडून, थेट खिडकीपाशी. तळहातावर चष्मा ठेवला.

बाईंनी तो लावला. वर बघितलं. बघतच राहिल्या.

"अगं, केस पिकले की गं तुझे!"

ताई त्यांच्या गुडघ्यापाशी बसलीच. बाईंनी तिच्या कानामागची पांढरी बट दोन बोटांत धरली, उजेडात कापड पारखावं तशी.

आणि तेव्हा ताईला दिसला कॅमेऱ्यावरचा लाल दिवा. चालू! चिमणी थांबलीच नव्हती. तिला काय माहीत बाईंचा कट? तिची डायरेक्टर ताई, आणि ताईने अजून कट म्हटलेलंच नाही.

आता सगळे पुतळे झालेले. दादा खिडकीकडे बोट करतायत, ऊन बोटभर उरलंय, आत्ता कट म्हटलंस तर पुन्हा घेता येईल, तुला हवा तसा, मुलगी न येणारा. आणि छत्री भिंतीला टेकून, हात जोडून, मान नाही-नाही हलवतेय, म्हणू नकोस कट, आलीय ना पोरगी. काजळ पार गालावर.

मग बाईंच्याही ध्यानात आलं. चेहरा एवढासा झाला त्यांचा. ओठ न हलवता पुटपुटल्या, "मी म्हटलं होय गं? चुकलंच माझं. म्हण आता. तू म्हणायचं असतं."

ताईने तोंड उघडलं. चिमणीचा एक डोळा कॅमेऱ्याला, दुसरा ताईच्या ओठांवर. बट अजून बाईंच्या बोटांत, आणि ऊन नेमकं तिच्यावर.

सांग ना. तू असतीस तर म्हटलं असतंस कट?