अठ्ठेचाळीस फूट

"मावशी, टेप सैल सोडू नकोस. आपल्याला इंच न् इंच पाहिजे."

"धरलंय गं बाई," कुंदामावशी म्हणाली. पहिल्या मजल्यावर, अपूर्वाच्या आजोबांच्या घरात, टेपचं टोक भिंतीशी दाबून ती उभी होती. खाली, जिन्याखालच्या आठ बाय सहाच्या खोलीत ती राहायची आणि साड्यांना पिको-फॉल करायची. तिच्या नवऱ्याने, नंदकुमारने, मरण्याआधी घेऊन ठेवलेली खोली. 'माझ्या माणसाने एवढं एकच काम धड केलं,' असं ती येईल त्याला सांगायची.

अपूर्वाने बेरीज केली. पुन्हा केली. चारशे शहाऐंशी चौरस फूट. आणि पालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावर पाचशे चौतीस.

"बघ. अठ्ठेचाळीस फूट कुठून आणले यांनी? पाचशेपर्यंतच्या घराला करच नसतो, मावशी. आजोबा उगाच भरत बसलेत."

"मला तर कधी बिलच आलं नाही."

"तुझी खोली केवढीशी. माफच असणार."

मावशीला ते पटलं.

आजोबांना काही पटवणं मात्र अवघड होतं. गिरणीतलं काम सुटल्यावर दत्तारामांनी कांदिवलीत हे घर घेतलं, तेव्हापासून बिल आलं की आठवड्याच्या आत भरायचे आणि पावती कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवायचे. अपूर्वाने एकदा विषय काढून पाहिला होता.

"जाता तां बरोबर जाता," ते म्हणाले. "तू तुझ्या दहावीचां बघ."

म्हणून तिने सरप्राइज द्यायचं ठरवलं. आजोबांची पंच्याहत्तरी तोंडावर होती. तक्रार अर्ज तिने स्वतः लिहिला, निबंधात पहिल्या आलेल्या मुलीला शोभेल असा. शेवटी एक दणदणीत वाक्य टाकलं: 'या घराव्यतिरिक्त सदर इमारतीत आमची कोणतीही जागा नाही.' वाचून ती स्वतःवरच खूश झाली.

मग अर्ज बँकेच्या कागदांमध्ये सरकवला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती बोट ठेवेल तिथे आजोबा सही करायचे.

"कसलां गो ह्यां?"

"नेहमीचंच."

त्यांनी सही केली. नंतर कितीतरी दिवस अपूर्वाला तो एकच शब्द ऐकू येत राहिला.

पाहणीला पालिकेचे भाऊराव आले, तेव्हा आजोबा भांडुपला बहिणीकडे गेले होते. तो दिवसही तिनेच साधला होता. भाऊरावांनी सगळं मोजलं. आकडा जुळला. चारशे शहाऐंशी.

"खाली तुमची काही जागा?"

"नाही काका. खाली कुंदामावशी राहते. तिची स्वतःची आहे."

"नक्की ना? तुमच्या अर्जातही तसंच आहे. लिहितो मग."

"लिहा ना. बिनधास्त."

चष्म्यावरून त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि लिहिलं.

पत्र वाढदिवसाच्या दोन दिवस आधी आलं. अपूर्वाने पाकीट फोडलं नाही. सगळ्यांसमोर फोडायचं होतं. वाढदिवसाच्या सकाळी आईचं ओवाळून झालं. मावशी रव्याच्या लाडवांचं ताट घेऊन वर आली. अपूर्वा खुर्चीवर उभी राहिली.

"आजोबा, तुमचं गिफ्ट. ऐका हं. 'पहिल्या मजल्यावरील घर चारशे शहाऐंशी चौरस फूट. मालमत्ता कर पूर्ण माफ.'"

आईने टाळ्या वाजवल्या. मावशीने ताट सांभाळत मान डोलावली, टेपचं एक टोक तिनेच तर धरलं होतं.

आजोबा हसले नाहीत. "कोणी अर्ज केलो?"

"तुम्हीच. सही तुमचीच आहे."

"पुढचां नको वाचू गो. दी हकडे."

पण तिला आता वेग आला होता. "'तळमजल्यावरील जिन्याखालची अठ्ठेचाळीस चौरस फुटांची खोली आजवर याच बिलात, श्री. दत्ताराम यांच्या नावे होती. ती आपली नसल्याचे त्यांनी लेखी कळवल्यामुळे...'" तिचा आवाज खाली आला. "'...सदर खोली विनामालक धरून पाडण्यात येईल.'"

आजोबा कागद घ्यायला उठले होते. हात पोचला नाही.

लाडवांचं ताट तसंच धरून मावशीने आजोबांना विचारलं, "माझी खोली तुमच्या नावावर होती, भाऊ?"