टाचेचा दुसरा थेंब

“कुणाचा विश्वास बसणार नाही, आजीबाई, पण माझ्या एकुलत्या एका पोराने पंधराव्या दिवशी आपणहून टाच पुढे केली. म्हणाला, घ्या, दुसरा थेंब!”

इस्पितळाच्या गाडीचा ड्रायव्हर दारात उभा राहून सांगत होता. सासूबाई पाळण्याचा कठडा सोडायला तयार नव्हत्या. सून मात्र केव्हाची चप्पल घालून तयार. पिशवी खांद्यावर, एक पाय उंबऱ्याबाहेर, नजर घड्याळावर. एक वाजता प्रयोगशाळा बंद. नर्सबाईंचे तीन फोन येऊन गेले होते. बाळाच्या पहिल्या तपासणीत थायरॉइडचा आकडा काठावर आलाय, टाचेतून रक्ताचा दुसरा थेंब हवाच. दोष निघाला तर रोज एक गोळी, पोर इतरांसारखं वाढेल. उशीर झाला तर मेंदू मागे पडतो, मग गोळीलाही ते भरून काढता येत नाही.

“काही झालेलं नाही माझ्या नातीला,” सासूबाई म्हणाल्या. “एकदा टोचलंत तेवढं पुरे. बघा, किती शहाणी! रडत म्हणून नाही.”

रडत नाही, हीच तर सुनेची धास्ती होती.

“माझाही असाच शहाणा होता,” ड्रायव्हर म्हणाला. “पण दुसरा थेंब दिला आणि काय सांगू! आठव्या महिन्यात पाढे. शाळेत दोन इयत्ता एका उडीत. आता विमान चालवतो. परवा आमच्या छपरावरून जाताना खिडकीतून वाकून विचारतो, बाबा, जेवलात का?”

“फेका, फेका!” सासूबाईंना हसू आवरेना.

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. वाजतच राहिला. पुढच्या सीटवर तिशीचा एक माणूस बसला होता. केस नीट विंचरून दिलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत कुणीतरी लावून दिलेली.

“बाबा, चला ना! बाबा!”

“आलो रे, राजा.” ड्रायव्हरने हात केला. मग पुन्हा तोंड उघडलं, पण विमान काही पुढे सरकेना.

सासूबाईंचं हसू विरलं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग पाळण्यात. नातीला उचलून सुनेच्या हातात दिलं आणि स्वतःची चप्पल शोधू लागल्या.

“खोटारडे आहात,” त्या म्हणाल्या. “तुम्ही त्याची दुसरी तपासणी केलीच नव्हती.”