कुलूपवाल्या काकांचा उपदेश

"पुढच्या रविवारी मीही तुमच्याबरोबर बाईंकडे येतो," असं चर्चचे नवे पाळक म्हणाले आणि काकांच्या हातातलं गीतपुस्तक निसटून त्यांच्याच पायावर आदळलं.

पाळक अगदी समोर उभे राहून बोलले होते, म्हणून काकांना ते ऐकू तरी आलं. नाहीतर तेही राहिलं असतं.

काका म्हणजे बाजारातले कुलूपवाले. जन्मभर किल्ल्या घासल्या, आता दुकान मुलगा बघतो आणि काका गल्ल्यामागे बसून त्याला न मागितलेले सल्ले देतात. ते चर्चच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकीही एक होते. मंडळीत एक जुनी रीत होती. जे अंथरुणाला किंवा घराला खिळलेत, त्यांच्याकडे उपासना संपल्यावर एका पंचानं जायचं, त्या दिवसाचा उपदेश सांगायचा आणि प्रार्थना करायची. काकांच्या वाट्याला बाई आल्या होत्या. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. मंडळीतल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी कधी ना कधी पिरगाळलेले. खुबा मोडल्यापासून मात्र त्यांचं जग म्हणजे खिडकीजवळची खुर्ची आणि शेजारचं टेबल.

घोळ असा होता, की काकांना उपदेश ऐकूच येत नव्हता. समोर बसून कुणी बोललं तर ठीक, पण त्या उंच छताखाली ध्वनिक्षेपकातून येणारा आवाज म्हणजे त्यांना नुसता गलका वाटायचा. पूर्वी पहिल्या बाकावर बसून ते पाळकांच्या ओठांवरून निभावून न्यायचे. मग कॅमेरा आला, त्याच्या तीन पायांच्या स्टँडला जागा हवी म्हणून पंचांचे बाक मागे सरकले, आणि काकांचा कारभार आटोपला. त्यांनी हूं की चूं केलं नाही. बहिऱ्या माणसाला उपदेश पोचवायला कोण पाठवणार होतं? बायकोलाही संशय आला नाही. तिच्या मते ते लग्न झाल्यापासूनच काही ऐकत नव्हते.

बाक सरकल्यानंतरच्या पहिल्या रविवारी बाईंनी विचारलं, आज काय सांगितलं पाळकांनी? काकांनी तोंडाला येईल ते बोलायला सुरुवात केली. आली ती येशूच्या शिष्याची, पेत्राची सासू. प्रभूनं हात धरला, ताप उतरला आणि बिचारी लगेच उठून पाहुण्यांचं बघायला लागली. घरात एवढे शिष्य बसलेले, पण एकानंही तिला जरा टेका म्हटलं नाही. म्हातारीला बरं करणं प्रभूला जमलं, काका म्हणाले, पण त्या बाप्यांना उठवणं काही सोपं नव्हतं. बाई इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"पाळक असं म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"अगदी असंच," काका म्हणाले.

मग ते अंगवळणीच पडलं. प्रभूला बघायला चढलेला जक्कय झाडावरून उतरला, प्रभूला घेऊन घरी निघाला, पण बायकोला आधी निरोप धाडला होता का? योना माशाच्या पोटातून बाहेर आल्यावर त्याच्या शेजारी बसायला कोण तयार झालं असेल? काका दुकानात आठवडाभर डोकं चालवायचे. शनिवारी थापा मारल्याबद्दल देवाची मनापासून क्षमा मागायचे, आणि रविवारी पुन्हा बाईंच्या दारात हजर. पाप होतं, हे त्यांना कळत होतं. पण सबंध आठवड्यात त्यांचं बोलणं कुणी एवढं मन लावून ऐकत नव्हतं. तो एक तास गेला असता तर काकांचा रविवारच गेला असता.

आणि आता पाळक स्वतः येणार होते. काकांनी ताप येतोय का ते पाहिलं. आला नाही. शेवटी गेले.

पाळकांनी बाईंची विचारपूस केली. खुबा कसा आहे, झोप लागते का, सगळं झालं. मग ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मागच्या रविवारच्या उपदेशातलं काय लक्षात राहिलं, बाई?"

मागच्या रविवारी त्यांनी नोहाची बायको सांगितली होती. प्राण्यांनी भरलेल्या तारवातली झाडलोट कुणी केली, यावर अर्धा तास.

बाईंनी चष्मा सारखा केला आणि वर्गात बोलाव्यात तशा बोलू लागल्या. वाटेवरच्या जखमी परक्याला उचलून नेणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला. पाळकांनी सांगितलेले मुद्दे, ओळीनं. जखमी माणसाला ठेवून घेणाऱ्या उतारशाळेच्या मालकाकडे आपण कसं दुर्लक्ष करतो ते. पाळकांच्या वडिलांची दवाखान्यातली आठवण, तीही बारीकसारीक तपशिलांसह. नोहा नाही, तारू नाही, झाडू नाही. काका तोंडाचा आ करून बसले होते.

पाळकांचा चेहरा खुलला. ते म्हणाले, काकांचं वय बघून हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं असं खरं तर मनात होतं, आता तो विचार सोडला. "काका, असं तर मलाही पुन्हा सांगता आलं नसतं. हे काम तुमच्याकडेच राहू दे." त्यांनी प्रार्थना केली आणि पुढच्या घरी निघून गेले.

काकांना हायसं वाटायला हवं होतं. पण मनात भलतंच टोचायला लागलं. म्हणजे बाईंकडे दुसरं कुणीतरी येत होतं. खरा उपदेश सांगणारं.

"बाई," ते कसेबसे म्हणाले, "तुम्हाला हे सगळं कुणी सांगितलं?"

बाईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला आणि त्यांना नीट ऐकू जावं म्हणून पुढे वाकल्या.

"तो कॅमेरा बसला त्या दिवसापासून सकाळची उपासना मी मोबाईलवर बघते. आता तुमचा उपदेश सांगा."