खुर्ची सोडायची नाही

खुंटा खुर्चीवर बसला आणि सरांनी दार लोटून घेतलं.

"तास संपेपर्यंत हा उठला नाही, तर नाटकातली मुख्य भूमिका याची," सर म्हणाले. "बाकीच्यांनी याला उठवायचं. हात लावायचा नाही. थापा मारा, रडा, वाट्टेल ते करा. समोरच्याचं सोंग ओळखता आलं, तरच स्वतःला वठवता येतं."

फोन सगळ्यांचे सरांच्या पिशवीत. पोरगा हट्टी, म्हणून तर वर्गात नाव पडलं खुंटा. आणि भूमिका त्याला हवी म्हणजे हवीच होती. दवाखान्यात पडलेल्या आईनंच सकाळी त्याला पिटाळलं होतं. "मला बरं वाटतंय रे. जा, जिंकून ये." चार घास जेवलीसुद्धा होती.

आधी एका मुलीनं "साप, साप!" करत किंकाळी फोडली. हा ढिम्म. मग रखवालदार आत आला. "अरे, तुझी स्कूटर पडलीय, सगळं पेट्रोल सांडलं!" खुंटा अर्धा उठलाच होता, तेवढ्यात रखवालदाराला हसू फुटलं. सरांनी त्याला पढवून ठेवलं होतं. वर्ग खो खो हसला. म्हणजे सर बाहेरची माणसंही आणतात तर!

थोड्या वेळानं दार पुन्हा उघडलं. दारात ताई.

"चल," ती म्हणाली. "आई बोलावतेय तुला."

खुंट्यानं सरांकडे पाहिलं. सर गालातल्या गालात हसत होते.

"ताई, तूसुद्धा?"

"मस्करी नको रे. चल ना, वेळ नाहीये."

डोळ्यांत टिपूस नाही, आवाज सपाट. खुंट्याला तिची कीवच आली. एवढं शिकवून पाठवायचं, तर निदान रडायला तरी शिकवायचं!

"नाही उठत जा!"

पोरं टाळ्या पिटत ओरडली, "रडा ताई, जोरात रडा!"

ताईनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "ती सारखी दाराकडे बघतेय रे," ती हळूच म्हणाली.

खुंटा जरा पुढे सरकला. पण त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले. जिंकून ये, असं आईनंच तर सांगितलं होतं. ताई पाठ फिरवून निघून गेली.

घंटा झाली. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, वर्गभर नाचवलं. खाली उतरल्यावर तो सरांच्या पाया पडला.

"मानलं सर तुम्हाला! माझ्या बहिणीला कधी गाठलंत?"

"मी?" सर म्हणाले. "मला वाटलं, खेळ रंगवायला तूच तिला बोलावलंस."