नेरियोचं जुनं सिम

परदेशात, लिमात गवंडीकाम करणाऱ्या नेरियोला बायको गेल्याचं कळलं, त्याच दुपारी मायदेशी माराकाइबोत तिला पुरलंही. तिच्या कबरीपाशी जायचं तर पासपोर्ट नवा करायला हवा होता. मायदेशाची वेबसाइट ओळख पटवायला कोड पाठवायची त्याच्या जुन्या सिमवर, आणि ते होतं बायकोच्या, एल्वियाच्या फोनमध्ये. कोड वाचून दाखवण्याआधी ती दर वेळी अडवायची, “तू नेरियोच कशावरून? आधी ‘माझी राणी’ म्हण!” त्यानं मेहुणीला फोन लावला. “याहाइरा, ताईचा फोन बघ गं. कोड आलाय.” ती घुटमळली. “दाजी, तो तिच्या हातातच ठेवला आम्ही, शवपेटीत. सारखी तुमच्याच फोनची वाट बघायची ना ती.” त्याला रागावताही येईना. “बरं केलंस,” तो म्हणाला. “त्याच नंबरचं नवं सिम काढू का?” तिनं विचारलं. “त्याला मीच तिथं हजर लागतो.” कोडची मुदत संपली. एल्वियाच्या कबरीवर नेरियोची मूठभर माती अजून पडायची आहे.