खाडीकाठची रोपं

दरवर्षी खाडी गावात थोडी आत सरकायची, म्हणून वनखात्याने काठावर कांदळवन लावायचं ठरवलं. काम वासंतीच्या शेजारणीला, प्रमिलाला मिळालं. साहेबांसोबतचा तिचा फोटो पेपरात आला आणि वासंतीच्या पोटात दुखू लागलं.

ओहोटी लागताच वासंती चिखलात उतरली. प्रमिलाने लावलेलं पहिलं रोप उपटलं, तोच मागून प्रमिला आली.

"भरतीनं उपटलं होय गं? बरं झालं आलीस. एकटीला आवरत नाही. परवा पाणी तुझ्याच पडवीत शिरलेलं ना?"

हातातलं रोप वासंतीने परत रोवलं. मग त्याच्या शेजारी दुसरं, तिसरं.

ऊन चढेपर्यंत दोघींच्या दोन रांगा झाल्या. वासंतीची सरळ, प्रमिलाची वाकडी. प्रमिलाने एकदा तिची रांग पाहिली, एकदा आपली.

"उद्या मी दोरी लावूनच रोवणार," ती फणकाऱ्याने म्हणाली.