चाचणीपुरती किल्ली
तुर्कू शहरातल्या महिला आधारगृहाची व्यवस्थापक सिर्का सकाळीच प्रोग्रामर ताउनोच्या घरी आली आणि तिनं पिशवीतला राउटर टेबलावर ठेवला. "यातला प्रोग्राम तुमचाच ना?" "हो. फुकट आहे. कुणीही वाचावा, वापरावा." "आमच्याकडे लपलेल्या एकीच्या नवऱ्यानं वाचला. असा कुठलाही राउटर उघडणारी गुप्त किल्ली, म्हणजे पासवर्ड, आतच लिहिलेली होती. त्यानं आमचा राउटर उघडला, तिचा पत्ता मिळवला. ती आयसीयूत आहे." ती किल्ली ताउनोनंच अकरा वर्षांपूर्वी चाचणीपुरती घातली होती. "बदलायची राहून गेली," तो म्हणाला. "कॉफी टाकू?" "नको. बाकीच्या सहाजणींना आजच हलवायचंय." ती गेल्यावर त्यानं संगणक उघडून ती ओळ पुसली, आणि 'काय बदललं?' या रकान्यात लिहिलं, 'एक ओळ काढली,' आणि नवी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली. थोड्याच वेळात जगभरातून तो प्रोग्राम वापरणाऱ्या अनोळखी लोकांचे निरोप येऊ लागले: "इतकी झटपट दुरुस्ती! तुमच्यामुळे आम्ही निर्धास्त झोपतो." ताउनोनं प्रत्येकाला सवयीनं कळवलं, 'धन्यवाद.'